टांगायचा पंच

पॅटर्नच्या खोलीत खरेदीवाला तो निळा पंच घेऊन आला, तेव्हा बाईंचं डोकं आधीच फिरलेलं होतं, आणि त्याला कारणही तोच होता. पंच मागून आठवडा उलटला होता. आठवडाभर हा माणूस जिन्यात भेटला की "आणतो बाई, आणतो" म्हणायचा आणि खांद्यावरची मळकी कापडी पिशवी सावरत खाली सटकायचा. बाईंनी त्याचं नावच पिशवी ठेवलं होतं. कारखान्यातल्या झाडून सगळ्यांना बाईंनी कधी ना कधी नावं ठेवलेली होती, आणि कारखान्याने सूड म्हणून त्यांना एकच दिलं होतं, टाचणी. ते त्यांच्या तोंडावर घ्यायची मात्र कुणाची छाती नव्हती.

कारखाना तयार कपड्यांचा. हॉटेलांचे, दुकानांचे, दवाखान्यांचे गणवेश तिथे शिवले जात. कपडा शिवायच्या आधी त्याचा एकेक भाग, पुढचा, पाठीचा, बाहीचा, कॉलरचा, जाड तपकिरी पुठ्ठ्यावर मापात काढून कापावा लागतो. हे पुठ्ठे म्हणजे पॅटर्न, आणि ते काढणं हे बाईंचं काम. खाली कटिंगच्या लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरतात, वरच्या थरावर पॅटर्न ठेवून खडूने आखतात आणि सगळे थर एकदम कापतात. वर पुठ्ठ्यात सुतभर चूक झाली की खाली अख्खा गठ्ठा बिघडतो. नव्या माणसाला बाई हे पहिल्याच दिवशी सांगत, आणि वर "तुमच्याकडून काही अपेक्षा नाही, पण कानावर असू दे" असंही सांगत.

पुठ्ठ्यावर वापरायला त्यांच्याकडे तीन पंच होते. पहिला खुणेचा. त्याचं भोक मोहरीहून थोडं मोठं, आणि ते कटरशी बोलणारं भोक. खिशाचा कोपरा कुठे येणार, चुणीचं टोक कुठे संपणार, ते त्याने सांगायचं. कटर त्या भोकातून खडूचा ठिपका देतो, आणि त्या ठिपक्यावर ड्रिलची सुई सगळे थर भेदून खाली जाते. दुसरा खाचेचा, पुठ्ठ्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखा तुकडा काढणारा. कुठल्या भागाची कड कुठे जुळवायची, ते त्या खाचेवरून कळतं. तिसरा टांगायचा. त्याचं भोक कोटाच्या मोठ्या बटणाएवढं, आणि त्याचा अर्थ काहीच नाही. त्यात दोरी घालून पॅटर्न आकड्याला लटकवायचा, बस. ते मुद्दाम एवढं मोठं असतं, म्हणजे आंधळ्या कटरलाही ते खुणेचं वाटू नये.

एवढी साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरत नाही, ही बाईंची कायमची व्यथा होती. हिशेबनीस एकदा खुणेचा पंच न विचारता घेऊन गेला आणि बिलांना भोकं पाडून बसला. पातळ कागदाने पंचाची धार गेली. शिलाईवरच्या एका पोरीने खाचेच्या पंचाने मुलीच्या वाढदिवसाच्या कार्डाला नक्षी काढली. मॅनेजरने तर ढेरी वाढली म्हणून टांगायच्या पंचाने स्वतःच्या पट्ट्याला भोक पाडायचा घाट घातला, आणि त्या भोकातून बक्कल आरपार निघून आलं. असल्यांशी बाई वाद घालत नसत. चष्म्यावरून नुसत्या बघत, आणि समोरचा आपोआप दाराकडे सरके.

तर त्या टांगायच्या पंचाची दांडी मोडली, म्हणून नवा मागवला होता.

"घ्या बाई," पिशवीने खोका टेबलावर ठेवला. "एका दाबात दोन भोकं. ही पट्टी बाहेर ओढली की कागद बरोबर मध्यावर बसतो. आणि खालचं झाकण उघडलं की सगळा कचरा एकदम निघतो. दुकानदार म्हणाला, याच्यासारखा दुसरा नाही."

बाईंनी खोका उघडला. आत कुठल्याही ऑफिसच्या टेबलावर असतो तो, फायलीला कागद लावायचा पंच होता. निळा, गुळगुळीत. तोंड इतकं उथळ की पुठ्ठा बोटभर आत गेला की अडला. आणि भोकं खुणेच्या भोकापेक्षा जेमतेम नखभर मोठी.

"मी काय सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"पंच."

"कसला?"

"टांगायचा. म्हणजे पॅटर्नला भोक पाडून टांगायचं, असंच ना?" तो आता चाचरायला लागला. "चुकला का? बदलून आणतो की. पावती आहे माझ्याकडे, दुकान काही लांब नाही. तुम्ही फक्त मला नीट सांगा कसला हवा ते."

सांगायला किती वेळ लागला असता? मोडका पंच त्याच्या हातात दिला असता तरी काम झालं असतं. पण बाईंनी त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना सांगायचाच वीट आला. गेली कित्येक वर्षं त्या सांगतच होत्या. याला समजावण्यापेक्षा भिंतीला समजावलेलं बरं, भिंत निदान मान तरी डोलावत नाही.

"छे, बदलायचा कशाला?" त्या म्हणाल्या. "फार छान आहे. दोन दोन भोकं. आम्ही आपले एकावर भागवत होतो."

टोमणा पिशवीच्या डोक्यावरून गेला. तो खूश होऊन, झाकण कसं उघडायचं ते आणखी एकदा दाखवून निघून गेला.

तो गेल्यावर बाईंनी ठरवलं, आता याच पंचाने भोकं पाडून पॅटर्न टांगायचे. एका मोठ्या हॉटेलच्या दारवानांचे कोट कारखान्याकडे आले होते, भारी मरून लोकरी कापडाचे, आणि त्यांचे पॅटर्न नुकतेच तयार झाले होते. बाईंनी पुढच्या भागाच्या खांद्याच्या कडेला निळा पंच दाबला, मग पाठीच्या भागाच्या खांद्याला, आणि त्या दोन दोन भोकांतून दोरी ओवून पॅटर्न आकड्याला लावले. हिशेब सरळ होता. खाली कटिंग मास्तर होते. मास्तर चिडका म्हातारा, कामाव्यतिरिक्त कशातच गम्य नसलेला, पण भोकाच्या बाबतीत गाढव नव्हता. खांद्याला नसती भोकं दिसली की तो तणतणत वर येणार. मग त्याला तसाच हाताला धरून मालकीणबाईंपुढे न्यायचं, निळा पंच टेबलावर आदळायचा आणि विचारायचं, हा असला माणूस तुम्ही खरेदीला ठेवलाय? कापडाला धक्का लागावा असं बाईंच्या मनात नव्हतं. त्यांना फक्त पिशवीचं तोंड बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आलेच नाहीत. दाढ सुजून त्यांचा गाल टम्म झाला होता. हॉटेलवाल्यांचा तगादा होता, म्हणून मालकीणबाईंनी कोटांचं कटिंग धाकट्याकडे दिलं.

धाकटा म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. पुढचं सगळं बाईंनी केलं. तो एका दुकानात पडदे कापायचा. सरळ रेषा कापण्यात जन्म घालवणार का, असं हिणवून हिणवून बाईंनीच त्याला ती नोकरी सोडायला लावली आणि इथे मास्तरांच्या हाताखाली चिकटवलं. अजून तो कच्च्यावर होता. महिनाअखेरीला मालकीणबाई ठरवणार होत्या, ठेवायचा की नाही. त्याने कारखान्याजवळ खोली घेतली होती, बायकोला दिवस गेले होते, आणि पडद्याच्या दुकानात त्याच्या जागी दुसरा माणूस कधीच लागला होता. नोकरी गेली तर परतायला दारच नव्हतं.

पॅटर्न खाली गेल्यावर बाईंना हे सगळं आठवलं नाही असं नाही. पण त्या उतरल्या नाहीत. धाकट्याला डोळे आहेत, तो विचारायला येईल, असं त्यांनी धरून चाललं. उलट बरंच झालं, मास्तरांऐवजी आपला माणूस तक्रार करेल, असंही त्यांच्या मनात आलं. त्या हातातलं काम करत जिन्याकडे कान लावून बसल्या.

आली ती पॅकिंगची बाई. "एखादा पंच द्या ना, बाई. किमतीच्या चिठ्ठ्यांना भोकं पाडायचीत, दोरा ओवायला."

"एखादा?" बाईंनी चष्मा खाली घेतला. "एखादा म्हणजे कुठला? चिठ्ठीला लागतो एका भोकाचा, पकडीसारखा, हातात धरून दाबायचा. फायलीला लागतो दोन भोकांचा. जाडजूड गठ्ठा असेल तर लांब दांड्याचा, उभं राहून दाबायचा. चामड्याला लागतो तो फिरत्या चकतीचा, त्यात लहानमोठी भोकं निवडता येतात. देवाने प्रत्येक कामाला वेगळं हत्यार दिलंय, फक्त डोकी सगळ्यांना एकाच मापाची दिली, आणि तीही आतून रिकामी. इतकी वर्षं चिठ्ठ्या लावताय, कधी वाटलं नाही का हो, की आपल्याला कसला पंच लागतो ते माहीत असावं?"

पॅकिंगची बाई पदर आवळून मुकाट्याने गेली. नंतर तिने सुईने भोकं पाडली म्हणे. थोड्या वेळाने खालून ड्रिलचा घरघराट ऐकू आला. खिशाच्या खुणांना ड्रिल लागतंच, असं म्हणून बाईंनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

दुपारनंतर बोलावणं आलं. कटिंगच्या टेबलाभोवती सगळे गोळा झाले होते. मालकीणबाईंनी कोटाचा पुढचा भाग खांद्याला धरून खिडकीसमोर उचलला होता, आणि खांद्याच्या कडेला दोन भोकांतून उजेड येत होता. पाठीच्या भागालाही तशीच दोन. शिवल्यावर शिलाईच्या दोन्ही अंगांना ती उघडी पडली असती. टेबलावर गठ्ठा होता, तो सगळाच तसा.

"हे काय आहे?" मालकीणबाईंनी धाकट्याला विचारलं.

"पॅटर्नवर होती," तो म्हणाला. "म्हणून पाडली."

"खांद्यावर? दारवान काय खांद्यावर खिसे लावतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. धाकटा टेबलाकडे बघत उभा राहिला. त्याच्या हातात खडू होता, तो ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"पडदे कापणाऱ्याला हे कापड द्यायला नको होतं, ही माझीच चूक," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."

बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी पिशवी पुढे झाला. त्याची कापडी पिशवी खांद्यावरच होती, बाहेरून नुकताच आला असावा. त्याने टेबलावरचा पॅटर्न हातात घेतला, भोकांमधलं अंतर बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. एवढं तर त्यालाही कळलं.

"याला नका काढू," तो म्हणाला. "ही भोकं मी आणलेल्या पंचाची आहेत. बाईंनी टांगायचा मागितला होता, मी फायलीचा आणला. मला त्यातलं कळत नाही, तर नीट विचारून घ्यायला हवं होतं. काय कापायचं ते माझ्या पगारातून कापा."

बाई ऐकत राहिल्या. हेच तर त्यांना हवं होतं. पिशवी चारचौघांत उभा होता, चूक कबूल करत होता, आणि बदलून आणतो म्हणालो होतो, पावतीही होती, हे शब्दानेही काढत नव्हता. विसरला होता असं नाही. बाईंकडे त्याने एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली, आणि त्या पाहण्यात बाईंना स्पष्ट दिसलं की हा आपल्याला वाचवतोय. हा. मान डोलावणारा, घामेजलेला, झाकण उघडून कचरा दाखवणारा माणूस. भावाची नोकरी जात होती तेव्हा बाईंच्या घशात शब्द अडकला होता. या माणसाचे उपकार घ्यायची वेळ आली तेव्हा तो सुटला.

"याने चूक केलेली नाही," बाई म्हणाल्या. "हा बदलून आणायला तयार होता. मीच राहू दे म्हटलं. पंच चुकीचा आहे, हे मला खोका उघडला तेव्हाच दिसलं होतं."

"मग पाडलीत कशाला भोकं?"

"मास्तर वर येतील आणि याची फजिती होईल म्हणून."

कुणी हसलं नाही. मालकीणबाईंनी कापड खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, तुमच्या भावाच्या हातात पॅटर्न गेला तेही माहीत होतं, आणि तुम्ही वर बसून होतात."

"हो."

"तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला येत नाही, बाई," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि हे तुम्हाला कुणी सांगायची गरज कधीच पडली नाही."

पिशवी आता कोटाचा तो भाग चिवडत होता. दोन भाग खांद्याला खांदा लावून त्याने टेबलावर ठेवले, भोकांवर बोट आडवं धरलं आणि भीत भीत म्हणाला, "ते सैनिकांच्या खांद्यावर असतं ना, बटण लावलेलं कापड... तसलं काही इथे नाही का लावता येणार?"

काय मूर्खासारखं बोलताय, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांनी आधी मोजून घेतलं. शिलाई मध्ये, भोकं शिलाईला लागून, वरून तीन बोटं रुंद कापड. चारही भोकं झाकली जात होती. चांगलं दिसलं असतं. दारवानाच्या कोटाला आधीच असायला हवं होतं, इतकं चांगलं.

"येईल," बाई म्हणाल्या. त्यांना तो शब्द ओकून टाकल्यासारखा वाटला.

मालकीणबाईंनी हॉटेलला फोन लावला. पलीकडच्या माणसाने थोडे आढेवेढे घेतले आणि वाढीव काही न देता रुबाब वाढतोय म्हटल्यावर चालेल म्हणाला. फोन ठेवून मालकीणबाई धाकट्याला म्हणाल्या, "ये उद्या. महिनाअखेरीला बघू." पिशवीच्या पाठीवर त्यांनी जाता जाता थाप मारली. बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

बाईंनी वर जाऊन खांद्याच्या त्या कापडाचा पॅटर्न काढला आणि त्याला खुणेच्या पंचाने बटणाची जागा दाखवली. टांगायला भोक पाडलंच नाही, हातानेच खाली नेऊन दिला. सुटीच्या वेळी त्या आणि धाकटा रोजच्यासारखे बसथांब्यापर्यंत बरोबर चालत गेले. तो बोलत नव्हता. बाईंना ते सहन होईना, आणि सहन झालं नाही की त्यांना एकच रस्ता माहीत होता.

"पण मी म्हणते, तुला दिसलं नाही?" त्या म्हणाल्या. "सँपल समोर टांगलेलं आहे. त्याच्या खांद्यावर काही आहे का? मग भोकं कशाची, एवढा साधा प्रश्न पडू नये माणसाला? मी एवढं शिकवलं ते काय पालथ्या घड्यावर?"

"दिसलं होतं," धाकटा म्हणाला.

बाई थांबल्या.

"पॅटर्न हातात घेतला तेव्हाच दिसलं. भोकं मोठी होती, अंतरही आपलं नव्हतं. विचारायला वर येत होतो. अर्धा जिना चढलो होतो."

"मग?"

"तू पॅकिंगच्या बाईंना बोलत होतीस, पंचावरून." तो चालत राहिला, म्हणून बाईंनाही चालावं लागलं. "त्या रडत खाली उतरल्या. माझ्या अंगावरूनच गेल्या. म्हटलं, ताईने पाडलीत तर असेल काही कारण. आणि नसेल, तर निदान सगळ्या कारखान्यात आज माझी अक्कल निघणार नाही. आलो परत, आणि ड्रिल लावलं."

"वेडा आहेस का तू? मी काय खाल्लं असतं तुला? विचारायचं सरळ."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

त्याने ते रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, लहानपणी गणिताचं उत्तर विचारायचा तसं. थांब्यावर माणसं उभी होती, ती बसच्या दिशेने बघत होती. उत्तर बाईंना शोधावं लागलं नाही. दुपारभर जिन्याकडे कान लावून बसल्या असताना त्यांनी ते जुळवून ठेवलं होतं, मास्तरांसाठी नाही, याच्यासाठीच. धाकटा दारात उभा राहील, भोकांवर बोट ठेवेल, आणि मग आपण चष्मा खाली घेऊन असं म्हणू. फार झणझणीत वाक्य होतं. त्यात पडदे होते, त्याची बायको होती, आणि आईचंही नाव होतं.

बाईंना ते अजून शब्दन् शब्द पाठ होतं. बस येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.